मेंदूचे उद्दीपन आणि मनाची सजगता : वनजिल्ह्यांच्या संदर्भात एक विचार

राज्याच्या पूर्व सीमेवरील चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे म्हणजे महाराष्ट्राचे वनवैभव होय. २६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार चंद्रपूरची लोकसंख्या २२ लाखांच्या वर, तर गडचिरोलीची १० लाख ७२ हजारांच्या वर होती. या प्रदेशाच्या आरोग्याचा विषय निघाला की हिवताप, कुपोषण, सिकलसेल, सर्पदंश हे प्रश्न चटकन डोळ्यांपुढे उभे राहतात. मनाचे आजार मात्र या यादीत सहसा येत नाहीत. ज्याचा ताप मोजता येत नाही व ज्याची जखम दिसत नाही, तो आजारच नव्हे, अशी सर्वसाधारण समजूत आहे.

आदिवासी आरोग्याचा अभ्यास करण्यासाठी केंद्र शासनाने नेमलेल्या, डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने २०१८ मध्ये आपला अहवाल सादर केला. त्यात आदिवासी समाजापुढील दहा प्रमुख आरोग्यप्रश्नांमध्ये मानसिक आरोग्य व व्यसने यांचा स्पष्ट समावेश करण्यात आला आहे. त्यामुळे हा विषय शहरी सुखवस्तूंचा आहे, असे म्हणण्यास आता जागा राहिलेली नाही.

याच काळात जगभर मानसिक उपचारांच्या क्षेत्रात एक नवा विचार पुढे आला आहे. मेंदूला बाहेरून सौम्य विद्युत् किंवा चुंबकीय चेतना द्यावयाची आणि त्याच वेळी रुग्णाकडून मन एकाग्र व सजग ठेवण्याचा अभ्यास करून घ्यावयाचा, असा हा संयुक्त उपचार होय. हा उपचार नेमका काय आहे, त्याचा पुरावा कितपत भक्कम आहे आणि आपल्या वनजिल्ह्यांतील अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांनी त्यापासून काय घ्यावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मेंदूचे उद्दीपन म्हणजे काय?

मेंदूतील कोट्यवधी पेशी एकमेकींशी अतिसूक्ष्म विद्युत्संदेशांच्या द्वारे संपर्क साधतात. विजेचा या पेशींवर परिणाम होतो, ही जाणीव फार जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात स्क्रिबोनियस लार्गस या रोमन वैद्याने डोकेदुखीवर विद्युत्मासा कपाळाला लावण्याचा उपाय लिहून ठेवला होता. आधुनिक काळात या उपचाराच्या तीन मुख्य पद्धती रूढ झाल्या आहेत.

पहिली पद्धत विद्युत्-आक्षेप उपचाराची. चेर्लेत्ती व बिनी या इटालियन डॉक्टरांनी १९३८ मध्ये रोम येथे तिचा प्रथम वापर केला. सामान्य लोक जिला ‘शॉक देणे’ म्हणतात ती हीच. जुन्या काळी हा उपचार भूल न देता केला जाई आणि त्यामुळे लोकांच्या मनात त्याची भीती बसली. आज तो रुग्णाला भूल व स्नायू शिथिल करणारे औषध देऊनच करावा लागतो. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ अन्वये भूल न देता हा उपचार करण्यास मनाई आहे. अतितीव्र नैराश्य किंवा आत्महत्येचा धोका असताना तो जीव वाचविणारा ठरू शकतो.

दुसरी पद्धत चुंबकीय उद्दीपनाची. इंग्लंडमधील शेफील्ड येथे अँथनी बार्कर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये ती प्रथम करून दाखविली. तारेचे एक वेटोळे डोक्याजवळ धरून त्यातून क्षणाक्षणाला बदलणारे चुंबकीय क्षेत्र निर्माण केले जाते आणि त्यामुळे कवटीखालील मेंदूच्या पृष्ठभागात सूक्ष्म प्रवाह उत्पन्न होतो. यासाठी भूल लागत नाही. रुग्ण खुर्चीत जागा असतो आणि उपचारानंतर चालत घरी जातो. औषधांनी न हटणाऱ्या नैराश्यासाठी अमेरिकेने २००८ मध्ये या पद्धतीला मान्यता दिली. साधारणपणे आठवड्यातून पाच दिवस, याप्रमाणे चार ते सहा आठवडे हा उपचार चालतो. कॅनडात ४१४ रुग्णांवर झालेल्या व २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सुमारे ३७ मिनिटांच्या बैठकीइतकाच गुण अवघ्या तीन मिनिटांच्या नव्या पद्धतीनेही येतो, असे आढळले.

तिसरी पद्धत थेट सौम्य प्रवाहाची. मिठाच्या पाण्यात भिजविलेल्या दोन स्पंजपट्ट्या डोक्याला लावून त्यांतून एक ते दोन मिलिअँपिअर इतका प्रवाह वीस ते तीस मिनिटे सोडला जातो. हातातील विजेरीच्या लहान दिव्याला याच्या सुमारे शंभरपट प्रवाह लागतो. एवढ्याशा प्रवाहाने मेंदूच्या पेशी आपोआप कार्य करू लागत नाहीत. त्या कार्यास अधिक तत्पर होतात, इतकेच. ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

सजगता म्हणजे काय?

सजगता म्हणजे वर्तमान क्षणी शरीरात, श्वासात व मनात जे घडत आहे त्याकडे, बरे-वाईट न ठरविता, लक्ष देण्याचा अभ्यास. पाश्चात्त्य वैद्यकात हा अभ्यास माइंडफुलनेस या नावाने ओळखला जातो. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात आठ आठवड्यांचा एक अभ्यासक्रम सुरू केला, तेव्हापासून रुग्णालयांत त्याचा प्रसार झाला.

याचे मूळ मात्र आपल्याच भूमीत, बौद्ध परंपरेतील स्मृतीच्या साधनेत आहे. सत्यनारायण गोएंका यांनी १९६९ मध्ये भारतात विपश्यना शिबिरांना आरंभ केला आणि पुढे नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी हे त्याचे प्रमुख केंद्र झाले. चंद्रपूर–मूल मार्गावरील अजयपूर येथेही असे केंद्र आहे. ज्या चंद्रपुरात १६ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत धम्मदीक्षेचा सोहळा झाला, त्या जिल्ह्याला ही परंपरा परकी नाही. राज्यातील शाळांतून ‘मित्रा उपक्रमा’द्वारे श्वासाकडे लक्ष देण्याचा आनापान अभ्यासही शिकविला गेला आहे.

वैद्यकात मात्र हा अभ्यास कोणत्याही धर्माचा आचार म्हणून केला जात नाही. डोळे मिटून बसावे, श्वास येतो-जातो हे पाहावे, मन भरकटले की रागावून न जाता पुन्हा श्वासाकडे आणावे, एवढेच त्याचे स्वरूप आहे. मन भरकटणारच. ते भरकटले हे लक्षात येणे आणि परत आणणे यातच खरा व्यायाम आहे.

दोहोंचा मेळ कशासाठी?

नैराश्याने ग्रासलेल्या माणसाचे मन एकाच दुःखद विचाराभोवती फिरत राहते. ‘माझ्यामुळेच झाले’, ‘आता काही उरले नाही’ या विचारांची घाण्यासारखी फेरी सुरू होते. अशा वेळी स्वतःविषयीच्या विचारांत गुंतलेले मेंदूतील जाळे अधिक क्रियाशील असते आणि लक्षाला लगाम घालणारा कपाळामागील भाग दुबळा पडतो, असे अनेक अभ्यासांतून दिसून आले आहे. चुंबकीय किंवा विद्युत् उद्दीपन बहुधा याच कपाळामागील, विशेषतः डाव्या बाजूच्या, भागाला दिले जाते. सजगतेचा अभ्यासही याच लगामाला बळ देतो. एक उपचार बाहेरून आणि दुसरा आतून, पण दोघांचे लक्ष्य एकच आहे.

झाडीपट्टीतील शेतकऱ्याला हे समजणे कठीण नाही. तलावाचे पाणी बांधीत सोडले म्हणजे धान पिकत नाही. चिखलणी करून रोवणी करावी लागते. उलट, कोरड्या बांधीत रोवणी केली तर रोप तग धरीत नाही. सौम्य प्रवाह हे पाणी मानले, तर सजगतेचा अभ्यास ही रोवणी होय. प्रवाहाने पेशी तत्पर झालेल्या असतानाच त्यांना योग्य काम दिले, तर ते काम अधिक खोलवर रुजावे, अशी या संयुक्त उपचारामागील कल्पना आहे. ज्या पेशी एकत्र कार्य करतात त्यांचे परस्परसंबंध दृढ होतात, हे तत्त्व डोनाल्ड हेब यांनी १९४९ मध्येच मांडले होते. खोल नैराश्यात रुग्णाला पाच मिनिटे स्वस्थ बसणेही अशक्य होते. अशा वेळी उद्दीपनाने थोडी उभारी येऊन अभ्यास सुरू करता यावा, हाही हेतू आहे.

पुरावा काय सांगतो?

कल्पना आकर्षक असली तरी शासकीय यंत्रणेने पुराव्याकडे पाहूनच पाऊल टाकावयास हवे. येथे चित्र संमिश्र आहे. ब्राझीलमध्ये २४५ रुग्णांवर झालेल्या व २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सौम्य प्रवाहाचा उपचार लटक्या उपचारापेक्षा सरस ठरला, परंतु तो नेहमीच्या औषधाच्या तोडीचा आहे, असे सिद्ध झाले नाही. जर्मनीत १६० रुग्णांना औषधाच्या जोडीला हाच प्रवाह दिला असता विशेष लाभ दिसला नाही, असे २०२३ मध्ये जाहीर झाले. उलट, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्लंड-अमेरिकेतील अभ्यासात १७४ व्यक्तींनी देखरेखीखाली घरीच दहा आठवडे उपचार घेतला असता, तो लटक्या उपचारापेक्षा गुणकारी आढळला.

सजगतेच्या बाबतीत इंग्लंडमध्ये वारंवार नैराश्य येणाऱ्या ४२४ रुग्णांचा दोन वर्षे पाठपुरावा करण्यात आला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, सजगतेवर आधारित उपचार घेणाऱ्यांपैकी ४४ टक्के, तर औषध चालू ठेवणाऱ्यांपैकी ४७ टक्के रुग्णांना पुन्हा नैराश्य आले. दोन्ही उपचार जवळजवळ सारखेच उतरले. याउलट, सरसकट सर्व विद्यार्थ्यांना सजगता शिकविण्याचा इंग्लंडमधील मोठा प्रयोग २०२२ मध्ये अपेक्षित फळ देऊ शकला नाही. त्यात ८० हून अधिक शाळांतील ८ हजारांवर विद्यार्थी सहभागी होते. शिक्षकांनी हा निष्कर्ष अवश्य ध्यानात ठेवावा. शाळेतील दहा मिनिटांची शांतता चांगलीच, पण ती आजारी मुलाचा उपचार नव्हे.

दोहोंच्या संयोगावर झालेले प्रयोग अद्याप लहान आहेत. काहींत नैराश्य, तर काहींत वृद्धांची जुनाट गुडघेदुखी हा विषय होता. निष्कर्ष आशादायक असले तरी निर्णायक नाहीत. सारांश, चुंबकीय उद्दीपन हा मान्यताप्राप्त उपचार आहे, सजगतेचा अभ्यास हा सिद्ध झालेला आधार आहे आणि दोहोंचा मेळ ही संशोधनाधीन दिशा आहे.

वनजिल्ह्यांची वस्तुस्थिती

आता आपल्या प्रदेशाकडे वळू. नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ पासूनचे आहे. चंद्रपूर येथे २०१५ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. परंतु भामरागडहून गडचिरोली सुमारे १८० किलोमीटर, सिरोंचाहून दोनशेहून अधिक आणि तेथून नागपूर आणखी सुमारे १७० किलोमीटर दूर आहे. पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा संपर्क वर्षानुवर्षे तुटत आला आहे. आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे चालणारा उपचार अशा गावातील रुग्णाने कसा घ्यावा? त्याची मजुरी बुडेल, तेंदूपत्त्याचा वा मोहाचा हंगाम हातचा जाईल आणि सोबत येणाऱ्या माणसाचीही तीच गत होईल.

अंतर केवळ रस्त्याचे नाही, भाषेचेही आहे. माडिया, गोंडी, तेलुगू, बंगाली, छत्तीसगढी आणि झाडीबोली या भाषा या जिल्ह्यांत बोलल्या जातात. ‘नैराश्य’ हा शब्द गावात कोणी उच्चारीत नाही. ‘जीव लागत नाही’, ‘छातीत धडधडते’, ‘झोप येत नाही’ अशा तक्रारी घेऊन रुग्ण आधी पुजाऱ्याकडे व मग, गेलाच तर, दवाखान्यात जातो.

याहून गंभीर अंतर समजुतींचे आहे. न कळणाऱ्या आजाराचे कारण शेजाऱ्याच्या करणीत शोधले गेले की अनर्थ घडतो. ऑगस्ट २०२१ मध्ये जिवती तालुक्यातील वणी खुर्द येथे जादूटोण्याच्या संशयावरून वृद्धांसह सात जणांना बांधून मारहाण झाली. मे २०२४ मध्ये एटापल्ली तालुक्यातील बारसेवाडा येथे याच संशयाने एक स्त्री व एक पुरुष अशा दोघांना जिवंत जाळण्यात आले. राज्यात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून अस्तित्वात आहे. परंतु आजार हा आजार आहे आणि त्यावर उपाय आहे, हे ज्ञान गावात पोहोचल्याखेरीज केवळ कायद्याने असे प्रकार थांबणार नाहीत.

व्यसनमुक्तीतील उपयोग

या प्रदेशात संयुक्त उपचाराच्या विचाराचा सर्वांत जवळचा संबंध व्यसनांशी येतो. दारूविरुद्धच्या दीर्घ लोकलढ्यानंतर गडचिरोलीत १९९३ मध्ये दारूबंदी लागू झाली. चंद्रपूरमधील २०१५ ची दारूबंदी २०२१ मध्ये उठविण्यात आली. डॉ. राणी व अभय बंग यांची ‘सर्च’ ही संस्था, राज्य शासन व टाटा न्यास यांच्या सहभागाने २०१६ मध्ये गडचिरोलीत ‘मुक्तिपथ’ हा दारू व तंबाखू नियंत्रणाचा उपक्रम सुरू झाला. सुपारी, तंबाखू व चुना घोटून केलेला खर्रा येथे घराघरांत पोहोचला असल्याने तंबाखूचा प्रश्न दारूइतकाच मोठा आहे.

धूम्रपान सोडण्यास साहाय्य म्हणून अमेरिकेने २०२० मध्ये चुंबकीय उद्दीपनाच्या एका प्रकाराला मान्यता दिली. ते यंत्र आपल्या तालुक्यात यावयास वेळ लागेल. परंतु तल्लफ हाताळण्याची सजगतेची युक्ती आजच शिकविता येते. तल्लफ ही लाटेप्रमाणे येते, चढते आणि काही मिनिटांत ओसरते. तिच्याशी झुंजावयाचे नाही व तिच्यामागे वाहूनही जावयाचे नाही. तोंडात, छातीत, हातांत काय जाणवते ते श्वासाबरोबर पाहत राहावयाचे. व्यसनमुक्ती शिबिरांतील समुपदेशकांनी हा अभ्यास स्थानिक बोलीत करून घेतल्यास औषधोपचारास त्याची चांगली जोड मिळेल.

गावपातळीवर काय करता येईल?

दूरच्या यंत्राची वाट पाहत स्वस्थ बसण्याचे कारण नाही. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ या प्रकल्पाने गावातीलच प्रशिक्षित कार्यकर्त्यांच्या साहाय्याने नैराश्याविषयी जागृती व समुपदेशन केले. तेव्हा अठरा महिन्यांत उपचारापर्यंत पोहोचणाऱ्या नैराश्यग्रस्तांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. विदर्भाच्याच मातीतील हा अनुभव आहे. तो पुढील दिशा दाखवितो.

पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत हा विषय मांडावा. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास असणारा, झोप व भूक हरपलेला, मरणाची भाषा बोलणारा माणूस गावात असल्यास आशा कार्यकर्तीमार्फत त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात व तेथून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या डॉक्टरांकडे पोहोचविण्याची व्यवस्था करावी. वाघाच्या हल्ल्यात माणूस गमावलेल्या कुटुंबाला भरपाईबरोबरच दुःख बोलून दाखविण्यासाठीही कोणी हवे असते. गावच्या पुजाऱ्याला शत्रू न मानता, रुग्णाला दवाखान्यात पाठविणारा पहिला दुवा बनवावे. मनोरुग्णास साखळीने बांधणे हे २०१७ च्या अधिनियमान्वये निषिद्ध आहे, याची सर्वांना जाणीव द्यावी.

शिक्षकांनी, विशेषतः आश्रमशाळांतील शिक्षकांनी, घरापासून दूर असलेल्या मुलांतील बदल टिपावेत. एकाएकी गप्प झालेले, अभ्यासात मागे पडलेले मूल ‘आळशी’ नसून आजारी असू शकते. तापाबरोबर असंबद्ध बडबड, झटके किंवा गुंगी दिसल्यास तो मेंदूचा हिवताप असू शकतो. त्या मुलास क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालयात न्यावे. मंत्र वा ध्यान यांत वेळ दवडू नये.

अधिकाऱ्यांनी ‘टेली-मानस’चा १४४१६ हा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक प्रत्येक ग्रामपंचायत, शाळा व आरोग्य केंद्राच्या भिंतीवर रंगवून घ्यावा. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या या सेवेवर दिवसरात्र, मराठीतूनही, सल्ला मिळतो. उद्दीपनाची सोय जेथे असेल तेथे दूरच्या रुग्णाच्या व सोबत्याच्या निवासाची तरतूद केली, तरच ती सोय वनजिल्ह्यांच्या उपयोगी पडेल.

काही खबरदारी

डोक्याला लावावयाची विद्युत्यंत्रे बाजारात सर्रास विकली जातात. डॉक्टरांच्या सल्ल्याविना ती वापरू नयेत. अपस्माराचा रुग्ण, डोक्यात धातूचा तुकडा किंवा श्रवणयंत्र बसविलेली व्यक्ती यांना चुंबकीय उद्दीपन घातक ठरू शकते. सजगतेचा अभ्यासही सर्वांना सारखाच मानवत नाही. भास होणाऱ्या किंवा भयंकर प्रसंगातून गेलेल्या व्यक्तीने तो तज्ज्ञाच्या मार्गदर्शनाखालीच करावा. तीव्र मनोविकार असणाऱ्यांना दहा दिवसांच्या मौनशिबिरास पाठवू नये. चालू औषधे स्वतःहून बंद करणे तर सर्वथा टाळावे.

मेंदूचे उद्दीपन व मनाची सजगता यांचा मेळ ही उद्याची आशा आहे. परंतु या आशेचे फळ कोरची, भामरागड वा जिवतीच्या रुग्णापर्यंत पोहोचावयाचे, तर मनाचा आजार ओळखणारी नजर, त्याला आजार म्हणणारा शब्द आणि डॉक्टरांपर्यंत नेणारा हात गावातच हवा. ज्या जिल्ह्यात १९७३ पासून हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पाने आणि १९८६ पासून ‘सर्च’ने आरोग्यसेवा जंगलातील माणसाच्या दारी नेऊन दाखविली, तेथे हे कार्य अशक्य नाही. शिक्षक, पंचायत सदस्य आणि अधिकारी यांनी ते आपले मानावे, एवढीच अपेक्षा.